स्वयंपाकघराचा आराखडा : ट्रॉली सगळ्यात शेवटी

फ्लॅटची किल्ली हातात आली की बहुतेक घरांतून पहिला फोन ट्रॉलीवाल्याला जातो. तो येतो, टेप लावतो, लॅमिनेटचा कॅटलॉग उघडतो आणि तासाभरात स्वयंपाकघर ठरून जातं. राहायला गेल्यावर मग एकेक उघडं पडतं. मिक्सर लावायचा तर प्लग सिंकच्या डोक्यावर. सिलिंडर कपाटात जातो, पण रेग्युलेटर बसवायला हात शिरत नाही. तेरा फूट ओटा असूनही मेथीची जुडी निवडायला जागा नाही. आधी कळस मग पाया अशातली ही गत आहे, आणि ती टाळता येते.

चूक सहसा सामानात नसते, क्रमात असते. आधी काम, मग जागा, मग पाणी-वीज-गॅस, मग ओटा आणि सगळ्यात शेवटी ट्रॉली, या क्रमाने गेलात तर साध्या बजेटमध्येही स्वयंपाकघर हाताशी येतं. उदाहरणासाठी आपल्याकडे नेहमी दिसणारी खोली धरू : ८ फूट रुंद, १० फूट लांब, एका आखूड भिंतीत आत येण्याचं दार आणि समोरच्या आखूड भिंतीत ड्राय बाल्कनीचं दार. तुमची खोली वेगळी असेल, पण हिशोब करायची पद्धत हीच.

टप्पा १ : आधी भांडी मोजा, मग भिंती

सध्याच्या घरातलं सगळं सामान तीन गटांत लिहून काढा : रोज लागणारं, आठवड्यातून एखाद्या वेळी लागणारं, सणावाराला लागणारं. कागदावर लिहिणं महत्त्वाचं, कारण डोक्यात नेहमी रोजचीच भांडी येतात. पुरणयंत्र, चकलीचा सोऱ्या, मोदकपात्र, फराळाचे मोठे डबे, वीस जणांचं पातेलं यांची आठवण ट्रॉल्या बसल्यावर होते.

मग टेप घ्या आणि एवढी मापं लिहा :

- सगळ्यात मोठ्या कढईची रुंदी, कानांसकट
- सगळ्यात उंच डब्याची आणि पिंपाची उंची
- कुकरची लांबी, दांड्यासकट
- जेवणाच्या ताटाचा व्यास
- मिक्सरची उंची, मोठं भांडं आणि झाकण बसवून
- गॅस सिलिंडरची उंची, रेग्युलेटर लावून
- घरघंटी, ओव्हन, डिशवॉशर असेल किंवा घ्यायचा विचार असेल तर त्यांची तिन्ही मापं

शेवटच्या ओळीवरून लोक सर्रास उडी मारून जातात. नेहमीचा मोठा डिशवॉशर साधारण ८५ सेंटिमीटर, म्हणजे साडेतेहतीस इंच उंच असतो. ओटा ३२ इंचांचा बांधून झाला की तो ओट्याखाली जाणं शक्य नाही, मग तो बाल्कनीत तरी जातो किंवा घेणंच रद्द होतं. घरघंटीचंही तेच. तिला जागेइतकीच हवा आणि वेगळा प्लग लागतो, शिवाय वरून धान्य ओतायला झाकण पूर्ण उघडावं लागतं. म्हणजे तिच्या डोक्यावर कप्पा चालत नाही.

सामानाच्या यादीखाली चार प्रश्नांची उत्तरं लिहा. रोजचा स्वयंपाक कोण करतं? एका वेळी ओट्याशी किती जण उभे असतात? पोळ्यांना मावशी येत असतील आणि त्याच वेळी तुम्ही भाजी टाकत असाल तर ते दोन जणांचं स्वयंपाकघर झालं. भांडी सिंकमध्ये घासली जातात की ड्राय बाल्कनीतल्या मोरीत? आणि स्वयंपाक करणारी व्यक्ती डावरी आहे का?

आता भिंती. प्रत्येक भिंतीची लांबी तीन उंचीवर मोजा : जमिनीलगत, कमरेशी आणि डोक्यावर. गिलावा क्वचितच सरळ असतो आणि तिन्ही मापांत अर्ध्या-पाऊण इंचाचा फरक सहज निघतो. त्यातलं सगळ्यात लहान माप धरा. कॉलम किती बाहेर आला आहे, बीम किती खाली आहे, खिडकीची खालची कड जमिनीपासून किती उंच आहे, दार कुठल्या बाजूला उघडतं, पाण्याची लाइन आणि ड्रेनेजचं तोंड कुठे आहे, हे सगळं चौकटीच्या कागदावर उतरवा.

> तपासणी : जमिनीचे दोन्ही कर्ण मोजा. समोरासमोरच्या भिंती सारख्या लांबीच्या असतील आणि दोन्ही कर्ण सारखे भरले तर कोपरे काटकोनात आहेत. एक इंचाहून जास्त फरक असेल तर ग्रॅनाइटवाल्याला आधीच सांगा, नाहीतर कोपऱ्यात फट पडते आणि ती पांढऱ्या सिमेंटने बुजवली जाते. काही महिन्यांतच ती काळी पडते.

टप्पा २ : न हलणाऱ्या गोष्टी आधी बसवा

सिंक. ड्रेनेज जिथे आहे त्याच्या जवळ सिंक. सांडपाण्याच्या पाइपाला उतार लागतो आणि अंतर वाढलं की उताराला जागा पुरत नाही, पाणी रेंगाळतं, वास येतो. सिंक एका भिंतीवरून समोरच्या भिंतीवर न्यायचं म्हणजे जमीन फोडणं आलं. अपार्टमेंटमध्ये त्यासाठी सोसायटीची परवानगी घ्या, आणि खाली कुणाची बेडरूम येत असेल तर तो विचार सोडूनच द्या. कॉलम-बीमला हात लावायचा नाही, मग मिस्त्री कितीही खात्रीने म्हणो, ‘काही होत नाही’.

शेगडी. खिडकीसमोर नको, कारण वाऱ्याने ज्योत हलते, विझूही शकते, आणि विझलेल्या बर्नरमधून गॅस येतच राहतो. दाराला चिकटून नको, कारण येणाऱ्या-जाणाऱ्याचा धक्का कढईच्या कानाला लागतो. फ्रिजला खेटून नको. आणि सिंकला खेटूनही नको : दोघांत निदान दोन फूट मोकळा ओटा असू द्या. तळणी चालू असताना नळाचं पाणी उडून तेलात पडलं की काय होतं हे वेगळं सांगायला नको.

फ्रिज. दाराजवळ असावा. मुलं पाण्याची बाटली घ्यायला आली तर शेगडीपाशी जायची वेळ येऊ नये. फ्रिजचं दार नव्वद अंशांपेक्षा जास्त उघडलं तरच भाजीचा ड्रॉवर बाहेर निघतो, म्हणून बिजागरीच्या बाजूला भिंत असेल तर तीन-चार इंच मोकळे सोडा. हवेसाठी मागे-बाजूला किती जागा हवी ते कंपनीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं.

घरात वास्तुशास्त्र पाळलं जात असेल तर त्याची चर्चा आत्ताच, घरातल्या मोठ्यांना बसवून संपवा. टाइल्स लागल्यावर शेगडीचं तोंड पूर्वेला हवं होतं असं निघालं तर खर्च दुप्पट आणि मनं कडू.

टप्पा ३ : ओट्यावरचा क्रम लावा

भाजी फ्रिजमधून निघते, सिंकमध्ये धुतली जाते, चिरली जाते, शेगडीवर जाते आणि ताटात येते. ओटा याच क्रमाने लावायचा. आपल्या १० फुटी भिंतीवर ड्राय बाल्कनीकडून सुरुवात करू, कारण ड्रेनेज तिकडे आहे.

धुतलेली भांडी निथळायला १२ इंच. सिंक २४ इंच. मग चिरायला, कणीक मळायला, लाटायला सलग ३६ इंच. शेगडी ३० इंच. शेगडीच्या पलीकडे उतरवलेलं पातेलं ठेवायला १८ इंच. बेरीज १२० इंच, बरोबर १० फूट.

यातले मधले ३६ इंच म्हणजे स्वयंपाकघराचा जीव. आराखड्यात सगळ्यात आधी कात्री इथेच लागते, कारण कागदावर ती जागा रिकामी दिसते. कुणी म्हणतं सिंक दोन भांड्यांचं घेऊ, कुणी म्हणतं चार बर्नर घेऊ. प्रत्यक्षात परात, पोळपाट, पोळ्यांचा डबा आणि पिठाचं ताट एकत्र मांडून बघा. तीन फूट भरून जातात. भाकरी थापणाऱ्या घरात तर परातीच्या दोन्ही बाजूंना कोपरं हलायला जागा लागते. खोली लहान असेल तर निथळायची जागा काढा आणि त्याऐवजी सिंकवर भिंतीला जाळी लावा, शेगडी दोन बर्नरची घ्या, पण हे ३६ इंच २४ च्या खाली आणू नका.

समोरच्या भिंतीला दुसरा ओटा करायचा असेल तर तो पूर्ण दोन फूट खोल असण्याची गरज नाही. १८ इंच पुरतात. आठ फूट रुंदीतून मुख्य ओट्याचे २४ आणि समोरच्याचे १८ इंच वजा केले की मधे ५४ इंच राहतात. एकट्या माणसाला ३६ इंचांची वाट पुरते. दोघांना पाठीला पाठ न लागता काम करायला ४२ ते ४८ लागतात. फ्रिज १८ इंचांत मावत नाही, तो सात-आठ ते दहा इंच पुढे येईल, तरी त्याच्यासमोर साडेतीन फूट उरतात. या बाजूला दाराकडून फ्रिज, मग मिक्सर-ओव्हन, मग धान्याच्या कोठ्या, घरघंटी. मिक्सर उचलून ठेवायची वस्तू समजू नका. आपल्याकडे वाटण रोजचं असतं, त्याला ओट्यावर कायमची जागा द्या.

इंग्रजी एल आकाराचा ओटा केला तर कोपऱ्याखालची दोन फूट बाय दोन फूट जागा जवळजवळ वाया जाते. गोल फिरणाऱ्या ट्रॉल्या मिळतात, पण पैशाच्या मानाने त्यात सामान थोडं बसतं. सणाची भांडी तिथे सरकवून द्या. कोपऱ्यावर सिंक किंवा शेगडी मात्र नको : कोपऱ्यात एकच माणूस उभा राहतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंचं काम अडतं.

> सावध : स्वयंपाक करणारी व्यक्ती डावरी असेल तर उजव्या-डाव्याचा पुन्हा विचार करा. गाळलेलं, चिरलेलं, उतरवलेलं ती कुठल्या हाताने कुठे ठेवते हे तिला करून दाखवायला सांगा.

टप्पा ४ : ओट्याची उंची, एका माणसासाठी

बाजारात एक ठरलेलं माप असतं, मिस्त्रीच्या हातात दुसरं, आणि पुढची वीस वर्षं पाठ दुखते तिसऱ्याच माणसाची. रोज जी व्यक्ती सगळ्यात जास्त वेळ ओट्याशी उभी राहते, तिच्या मापाने उंची ठरवा.

घरात चप्पल घालत असाल तर चप्पल घालून सरळ उभे राहा. कोपर काटकोनात वाकवा. जमिनीपासून कोपरापर्यंतचं माप घ्या आणि त्यातून ४ ते ६ इंच वजा करा. पाच फूट एक-दोन इंच उंचीच्या बाईचं कोपर साधारण ३८ इंचांवर येतं, म्हणजे ओटा ३२ ते ३४ इंच.

आता शेगडी कुठली हे ठरवा, कारण उंची त्यावर अडलेली आहे. ओट्यावर ठेवायची नेहमीची शेगडी जाळीसकट आणखी चार-पाच इंच घेते. ३४ इंचांच्या ओट्यावर ती ठेवली आणि तिच्यावर खोल पातेलं चढवलं की आतलं ढवळायला खांदा उचलावा लागतो. ओट्यात बसणारा हॉब असेल तर ही उंची बरीच वाचते. म्हणून साधी शेगडी असेल तर वजाबाकी ६ इंचांची करा, हॉब असेल तर ४ ची.

मळणं आणि भाकरी थापणं यांना वरून जोर लागतो, त्याला ओटा बेताचा हवा. भांडी घासायला उलट थोडा उंच चालतो, कारण हात सिंकच्या तळाशी जातात. एकाच ओट्यात दोन्ही साधत नाही. मधलं माप धरा आणि सिंक नऊ-दहा इंचांहून खोल घेऊ नका. फार खोल सिंकमध्ये वाकूनच भांडी घासावी लागतात, आणि फार उथळ सिंकमध्ये कुकर धुताना पदर भिजतो.

डिशवॉशर ओट्याखाली हवा असेल तर त्याच्या उंचीत ग्रॅनाइटची जाडी आणि वर थोडी फट मिळवा. ती उंची तुमच्या कोपराच्या मापाशी जुळत नसेल तर मशीन समोरच्या ओट्याखाली न्या आणि फक्त तो ओटा उंच करा. मशीनसाठी पाठीला त्रास नको. एक मात्र बघा, पूर्ण मापाचं मशीन दोन फूट खोल असतं, तेव्हा तिथे १८ इंच पुरणार नाहीत.

> सावध : सगळी उंची *तयार* जमिनीपासून मोजायची. जुन्या लादीवर नवी टाइल बसणार असेल तर जमीन साधारण इंचभर वर येते. मिस्त्रीने आधीच्या जमिनीवरून खूण केली तर ओटा तेवढाच बुटका होतो. भिंतीवर पेन्सिलीने ‘तयार जमीन’ अशी रेघ मारून घ्या आणि सगळी मापं तिथून द्या.

टप्पा ५ : खडूने आखून स्वयंपाक करून बघा

हा टप्पा फुकटचा आहे, आणि बहुतेक जण तो गाळतात. रिकाम्या खोलीत जमिनीवर खडूने किंवा चिकटपट्टीने ओटा, सिंक, शेगडी, फ्रिज आखा. खोकी रचून ओट्याची उंची आणा. मग वरण-भात-भाजी-पोळीचा पूर्ण स्वयंपाक हातवारे करत करा : फ्रिज उघडा, भाजी धुवा, चिरा, कुकर लावा, कणीक घ्या, ताटं काढा.

कुकर उतरवून सिंककडे नेताना बघा. झाकणाखालून गरम पाणी टपकत असतं, हातात सांडशी असते. त्या वाटेत दुसरं कुणी उभं राहणार असेल तर आराखडा बदला. घरातल्या दुसऱ्या माणसाला त्याच वेळी चहा करायला सांगा. दोघांची टक्कर जिथे होते तिथे खूण करा. फ्रिजचं दार, ओव्हनचं दार, ट्रॉली आणि खोलीचं दार एकाच वेळी उघडल्याची कल्पना करा. ट्रॉली पूर्ण बाहेर आली की साधारण २० इंच पुढे येते आणि तिच्यामागे माणूस उभा राहायचा असतो.

> तपासणी : सिंक, शेगडी आणि फ्रिज यांच्यामधली तिन्ही अंतरं मिळून १३ ते २६ फुटांत बसली की चालण्याचा त्रास होत नाही. फ्रिज हॉलमध्ये ठेवावा लागला तर हा हिशोब बिघडतो. मग निदान भाजी-कोथिंबिरीची टोपली तरी सिंकजवळ येईल असं बघा.

टप्पा ६ : टाइल्सच्या आधी वीज, पाणी, गॅस, धूर

हे काम भिंतीच्या पोटात जातं, म्हणून इथली चूक सगळ्यात महाग.

वीज. यंत्रांची यादी घेऊन इलेक्ट्रिशियनजवळ बसा. साधा ६ अँपिअरचा प्लग २३० व्होल्टला जेमतेम १३८० वॉट देतो. मिक्सर त्यावर चालतो. इंडक्शन, विजेची किटली, ओव्हन, गिझर, डिशवॉशर यांना १६ अँपिअरचा प्लग लागतो. जड यंत्रांना मेन बोर्डापासून वेगळी वायर आणि वेगळा एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप बंद पडणारा स्विच) घ्या, म्हणजे ओव्हन आणि किटली एकदम लावली तरी वीज जाणार नाही. पाण्याजवळ हात ओले असतात, त्यामुळे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच वीज तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग याला पर्याय नाही.

प्लग ओट्यापासून ८ ते १२ इंच वर. सिंकच्या वर नाही, शेगडीच्या मागे नाही. चिमणीचा प्लग वर, पण धुराच्या पाइपाच्या वाटेत नाही. फिल्टरचा सिंकच्या बाजूला, हॉबला विजेचं लायटर असेल तर त्याचा ओट्याखाली, फ्रिजचा अशा जागी की फ्रिज न सरकवता बंद करता येईल. तुम्ही सहा म्हणत असाल तर आठ प्लग घ्या. आणि वरच्या कपाटांखाली दिव्याची वायर आत्ताच काढून ठेवा. छताचा दिवा पाठीमागे असतो, त्यामुळे चिरताना आपलीच सावली सुरीवर पडते.

पाणी. सिंकला थंड आणि गरम, फिल्टरला वेगळा नळ, डिशवॉशरला वेगळा. आरओ फिल्टर असेल तर त्यातून बाहेर पडणाऱ्या वाया पाण्याची वाट आधी ठरवा. ती नळी सिंकमध्ये लोंबत राहते, कारण तिचा विचार कुणी केलेला नसतो. बाल्कनीत पाइप काढून ते पाणी बादलीत धरलं तर लादी पुसायला येतं. स्वयंपाकघराचं पाणी बंद करायचा कॉक सिंकखाली हाताला येईल असा ठेवा.

गॅस. सिलिंडर असेल तर तो नेहमी उभा आणि शेगडीपेक्षा खालच्या पातळीवर. सुरक्षा नळी दीड मीटरहून लांब चालत नाही, तिला जोड देत नाहीत, भिंतीत किंवा कपाटाच्या पाठीमागे गाडत नाहीत आणि दर पाच वर्षांनी बदलतात. म्हणून सिलिंडरची जागा शेगडीपासून नळीच्या मापातच धरा. ग्रॅनाइटला पाडलेल्या भोकाची कड घासून गुळगुळीत करून घ्या, ती नळी कापते. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीशी साठतो. त्यामुळे सिलिंडरच्या कपाटाला *खालच्या* बाजूला जाळी हवी. वर केलेल्या भोकांचा उपयोग नाही. त्या कपाटात प्लग, स्विच काही नको. सिलिंडर बाल्कनीत ठेवून तांब्याच्या पाइपाने गॅस आणायचा तर ते काम एजन्सीच्या मेकॅनिककडूनच करून घ्या. पाइपाचा गॅस येणार असेल तर मीटरची जागा आणि कॉक झाकला जाणार नाही, एवढं आत्ता बघा. सिलिंडरच्या गॅसगळतीची तक्रार १९०६ या क्रमांकावर चोवीस तास करता येते. कपाटाच्या दाराच्या आतून हा आकडा चिकटवून ठेवा.

धूर. आपली फोडणी, तळण, मिरच्या यांना नुसती खिडकी पुरत नाही. चिमणी बर्नरपासून साधारण २६ ते ३० इंच वर. पाइप जेवढा आखूड आणि सरळ तेवढी ओढ जास्त. प्रत्येक वळणाला ती घटते. आपल्या आराखड्यात शेगडी दाराकडे आहे, म्हणजे बाहेरच्या भिंतीपर्यंत पाइप सात-सव्वासात फूट जाईल. वरच्या कपाटांच्या डोक्यावरून तो सरळ नेता आला आणि दोनच वळणं लागली तर चालतं. त्याहून जास्त लागत असतील तर टप्पा ३ वर परत जा आणि शेगडी-सिंकच्या जागांचा पुन्हा विचार करा. पाइपाचं भोक टाइल्सच्या आधी पाडून घ्या.

> तपासणी : भिंती बुजवण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, टेप लावून, वायर आणि पाइप दिसतील असा. पुढे खिळा ठोकताना, जाळी लावताना हेच फोटो उपयोगी पडतात.

टप्पा ७ : टाइल्स आणि ओटा

सिंकखाली आणि मोरीत वॉटरप्रूफिंग झालं की पाणी भरून २४ तास ठेवा. खालच्या मजल्यावर जाऊन छत बघून या. ओल नसेल तरच टाइल लावायची.

शेगडीमागच्या टाइल्स गुळगुळीत आणि मोठ्या घ्या, सांधे कमी होतात. सांध्यांत इपॉक्सी ग्राउट भरून घ्या. साधं सिमेंट हळद आणि तेल पितं. ओट्याला गडद ग्रॅनाइट आपल्या स्वयंपाकाला सगळ्यात सोसणारा. पांढऱ्या दगडावर हळदीचा डाग राहतो. क्वार्ट्‌झमध्ये रेझिन असतं, त्यावर गरम कढई थेट ठेवता येत नाही, हे दुकानात क्वचितच सांगतात.

दगड कापण्याआधी सिंक आणि हॉब प्रत्यक्ष घरात आलेले हवेत. प्रत्येक मॉडेलचं कापायचं माप वेगळं असतं. कॅटलॉगवरून कापू देऊ नका. सिंक पुढच्या कडेच्या फार जवळ आलं तर दगडाची पट्टी तिथेच तडकते, निदान अडीच-तीन इंच राहू द्या. पुढची कड खालच्या कपाटापेक्षा इंचभर बाहेर, आणि तिच्या खालच्या अंगाला लांबीभर एक बारीक खाच मारून घ्या. ओट्यावरून ओघळलेलं पाणी त्या खाचेशी थांबून खाली टपकतं, ट्रॉलीच्या दारांवर जात नाही. काम पाच मिनिटांचं आहे, पण मागितल्याशिवाय कुणी करत नाही.

> तपासणी : ओट्यावर तांब्याभर पाणी ओता. ते सिंककडे गेलं पाहिजे. शेगडीकडे किंवा भिंतीकडे गेलं तर बैठक परत करून घ्या, दगड पक्का होण्याआधी.

टप्पा ८ : आता ट्रॉलीवाल्याला बोलवा

ट्रॉलीचं माप ओटा आणि टाइल्स झाल्यावरच घ्यायचं. टप्पा १ ची यादी त्याच्यासमोर ठेवा आणि प्रत्येक ट्रॉलीत *काय* जाणार ते ड्रॉइंगवर लिहून घ्या.

जिथे काम तिथे सामान. शेगडीच्या बाजूला तेल-मसाल्याची अरुंद ट्रॉली, शेगडीखाली कढया-तवे, मधल्या मोकळ्या जागेखाली सुऱ्या-चमच्यांची आणि पोळपाटाची, सिंकजवळ रोजची ताटं-वाट्या. सिंकखाली ट्रॉली नको. तिथे ओल्या आणि सुक्या कचऱ्याचे दोन डबे आणि कॉकपर्यंत हात जाईल एवढी जागा. ताटांची ट्रॉली ताटाच्या व्यासापेक्षा दोन इंच जास्त उंच असेल तरच ताट उभं राहतं. धान्याचे दहा किलोचे डबे तारेच्या ट्रॉलीत भरू नका, ट्रॉली ज्या पट्टीवर सरकते तो चॅनल वाकतो. त्यांना खालचा साधा कप्पाच बरा.

कपाटाचं लाकूड विचारताना ‘वॉटरप्रूफ’ या शब्दावर थांबू नका. सिंकच्या आसपास आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) चा शिक्का असलेला प्लाय मागा आणि तो शिक्का कापण्याआधी डोळ्यांनी बघा. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेला बोर्ड, ओल लागली की फुगतो. स्टीलच्या ट्रॉल्या ३०४ ग्रेडच्या घ्या. २०२ ग्रेड चकाकतो तसाच, पण ओलाव्याने गंजतो, आणि कोकणात, मुंबईत तर लवकरच.

तळाशी चार इंचांची पट्टी आत दाबून घ्यायला सांगा, म्हणजे पायाचे पंजे आत जातात आणि ओट्याला चिकटून उभं राहता येतं. वरची कपाटं १२ ते १४ इंच खोल आणि ओट्यापासून १८ ते २४ इंच वर. मिक्सरच्या मोठ्या भांड्याची उंची इथे पुन्हा तपासा. वरच्या कपाटाचा दुसरा कप्पा स्टुलाशिवाय हाताला आला पाहिजे. त्याच्या वरचं सगळं सणाच्या भांड्यांना.

टप्पा ९ : शेवटचा हप्ता देण्याआधी

कारागीर घरात असतानाच हे करून बघा :

- प्रत्येक ट्रॉली भरून ओढा. रिकामी ट्रॉली नेहमीच छान चालते.
- शेजारच्या दोन ट्रॉल्या आणि कोपऱ्यातली दारं एकदम उघडा.
- सिंक काठापर्यंत भरून एकदम सोडा, आणि खाली जोडांवर कोरडा कागद फिरवा.
- जड यंत्रं दोन-दोन एकत्र लावा.
- आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबा, वीज गेली पाहिजे.
- सिलिंडर आत-बाहेर करा, रेग्युलेटर काढून परत लावा.
- गॅसच्या जोडांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. काडी कधीही लावू नका.
- चिमणी चालू करून जाळीशी कागद धरा, तो चिकटून राहिला पाहिजे.
- पाइप भिंतीत जातात तिथल्या फटी बुजवल्या आहेत का बघा. झुरळं तिथूनच येतात.

एक-दोन ट्रॉल्यांच्या आतल्या जाळ्या आणि कप्पे मात्र आत्ता बसवू नका, तसं करारातच लिहून घ्या. महिनाभर स्वयंपाक करा. कुठला डबा सारखा ओट्यावर राहतो आणि कुठली ट्रॉली कुणी उघडतच नाही, हे तेवढ्यात कळतं. त्यानंतर माप द्या.